दोन-दोन दिसण्याची तक्रार: तिसरी, चौथी की सहावी नस, हे रुग्णासमोर बसून कसे ठरवावे?

प्रश्नकर्ता: नेत्रनिरीक्षक

मी नेत्रतपासणीच्या पदवी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात आहे. डोळा हलवणाऱ्या सहा स्नायूंपैकी कोणाला मेंदूतून निघणारी कोणती नस (चेता) चालवते, हे ‘एलआर सहा, एसओ चार, उरलेले तीन’ या सूत्रामुळे झोपेतही सांगता येते. लॅटरल रेक्टस सहाव्या नसेकडे, सुपीरियर ऑब्लिक चौथीकडे आणि बाकीचे चारही स्नायू तिसरीकडे. अडचण येते ती रुग्ण समोर बसल्यावर. ‘मला दोन-दोन दिसते’ एवढेच तो सांगतो. मी त्याला टॉर्चच्या मागे सगळ्या दिशांना पाहायला लावतो आणि एखाद्या बाजूला डोळा किंचित कमी गेल्यासारखा वाटतो, पण तो खरोखर कमी गेला की रुग्णाने पुरेसे पाहिलेच नाही, याची खात्री होत नाही.

माझ्या शंका साधारण अशा आहेत. टॉर्च हातात घेण्याआधी रुग्णाला काय विचारले म्हणजे निम्मे निदान होते? पापणी पडलेली आहे पण बाहुली दोन्हीकडे सारखी आहे, अशा वेळी ‘बाहुली वाचली म्हणजे मधुमेहामुळे झालेला लकवा, काळजी नको’ असे सर्रास ऐकू येते. त्यावर कितपत विसंबावे? चौथ्या नसेचा लकवा मला हालचालींच्या तपासणीत जवळजवळ कधीच दिसत नाही. तो शोधायचा कसा? आणि ज्यांना यांपैकी काहीच नसून दुसराच आजार आहे, असे रुग्ण वेगळे कसे काढायचे?

पाठ्यपुस्तकातील तक्ते मला पाठ आहेत, त्यामुळे तपासणीचा क्रम आणि त्यामागचे कारण कोणी समजावून सांगितले तर फार उपयोग होईल.

उत्तर: न्यूरोनेत्र

पहिला प्रश्न नेहमी एकच असावा: एक डोळा झाकल्यावर दुहेरी दिसणे थांबते का? कोणताही एक डोळा झाकला की दुसरी प्रतिमा नाहीशी होत असेल, तरच दोन डोळ्यांचे अक्ष जुळत नाहीत असे म्हणता येते आणि नसेचा विचार सुरू होतो. एक डोळा झाकूनही उघड्या डोळ्याने दोन दिसत असतील, तर कारण बहुतेक वेळा त्या डोळ्यातच असते: मोतीबिंदू, कोरडेपणा किंवा वक्रतेचा दोष. पिनहोलमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, पाहायला लावले तर अशी प्रतिमा बहुधा एक होते. हा प्रश्न न विचारता थेट मेंदूच्या एमआरआयसाठी पाठवलेले रुग्ण मी पाहिले आहेत, म्हणून त्याचा आग्रह धरतो.

दुसरा प्रश्न दिशेचा. प्रतिमा शेजारी-शेजारी आहेत की एकावर एक, आणि एकावर एक असतील तर त्यांपैकी एक तिरपी दिसते का? शेजारी-शेजारी असलेल्या आणि दूर पाहताना अधिक अंतर पडणाऱ्या प्रतिमा सहाव्या नसेकडे बोट दाखवतात. एकावर एक आणि किंचित कलंडलेल्या प्रतिमा, विशेषतः जिना उतरताना किंवा वाचताना त्रास देणाऱ्या, चौथीकडे. तिसऱ्या नसेच्या रुग्णाची गंमत अशी की पापणी पूर्ण पडली असेल, तर तो दुहेरी दिसते असे सांगतच नाही, कारण पडलेली पापणी तो डोळा झाकूनच टाकते. पापणी बोटाने उचलून धरा आणि मग विचारा.

आता तुमच्या बाहुलीच्या प्रश्नाकडे येतो, कारण येथे चुकीचा अर्थ लावल्यास रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. तिसरी नस डोळ्याला वर, खाली आणि नाकाकडे वळवणारे चार स्नायू चालवते, वरची पापणी उचलणारा लेव्हेटर चालवते आणि बाहुली आकुंचित करणारे तंतूही वाहून नेते. हे बाहुलीचे तंतू नसेच्या पृष्ठभागाजवळ, वरच्या व आतल्या बाजूला असतात आणि स्नायूंचे बहुतेक तंतू गाभ्याकडे असतात. त्यामुळे बाहेरून दाब आला की बाहुली लवकर विस्फारते. असा दाब देणाऱ्या कारणांत सर्वांत भीतीदायक म्हणजे पोस्टीरियर कम्युनिकेटिंग धमनीला आलेला फुगा, अर्थात ॲन्युरिझम. याउलट मधुमेह किंवा उच्च रक्तदाब यांमुळे नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडतात, तेव्हा इजा मुख्यतः गाभ्यात होते आणि पृष्ठभागावरचे तंतू पुष्कळदा वाचतात. ‘बाहुली वाचली’ या नियमाचा उगम एवढाच आहे.

पण हा नियम अर्धाच सांगितला जातो. तो लागू होण्यासाठी बाकी सगळे पूर्णपणे गेलेले असावे लागते: पापणी पूर्ण बंद, डोळा नाकाकडे, वर आणि खाली अजिबात न वळणारा, आणि तरीही बाहुली दोन्हीकडे तंतोतंत सारखी व प्रकाशाला चपळ प्रतिसाद देणारी. पापणी अर्धवट पडली आहे, डोळा नाकाकडे थोडा कमी जातो, बाहुली ठीक आहे, अशा अपूर्ण लकव्यात बाहुली वाचणे याचा काहीच दिलासादायक अर्थ निघत नाही. दाबाची सुरुवात असेल आणि बाहुलीची पाळी अजून आली नसेल, अशी शक्यता तेथे खरी असते. ॲन्युरिझमच्या काही रुग्णांमध्ये बाहुली सुरुवातीला सामान्य असते आणि पुढच्या काही दिवसांत विस्फारते. म्हणून एकदा पाहून सोडून देणे हा पर्याय नाही.

उलट बाजूनेही नियम सैल आहे. मधुमेहामुळे झालेल्या लकव्यातही बाहुल्यांत थोडासा फरक दिसू शकतो, बहुधा १ मिलिमीटरच्या आत, आणि प्रकाशाचा प्रतिसाद शाबूत असतो. दुखण्यावरूनही निवाडा होत नाही. ॲन्युरिझममध्ये तीव्र वेदना असते हे खरे, पण रक्तपुरवठा खंडित झालेल्या नसेतही भुवईभोवती चांगलेच दुखते.

तपासताना खोली अंधारी आणि उजळ, दोन्ही प्रकारे करून बाहुल्या मोजा. तिसऱ्या नसेच्या लकव्यात मोठी बाहुली आकुंचित होत नाही, त्यामुळे उजेडात फरक वाढतो. पापणी जेमतेम १ ते २ मिलिमीटर उतरलेली, त्याच बाजूची बाहुली मोठी नसून लहान, आणि फरक अंधारात वाढणारा, असे चित्र असेल तर ते हॉर्नर सिंड्रोम (सिम्पॅथेटिक चेतामार्गाचा बिघाड) आहे. तेथे डोळ्याच्या हालचाली पूर्ण असतात. आणि पापणी ठीक, हालचाली ठीक, रुग्ण शुद्धीवर, फक्त एक बाहुली मोठी, असे असेल तर तिसरी नस क्वचितच दोषी असते. डोळ्यात चुकून गेलेले औषध किंवा एडीची बाहुली (बाहुली आकुंचित करणाऱ्या चेतांना डोळ्यामागे इजा होऊन मोठी राहिलेली) यांचा विचार आधी करावा. १ टक्का पायलोकार्पिनने तिसऱ्या नसेमुळे मोठी झालेली बाहुली लहान होते; ॲट्रोपीनसारख्या औषधाने विस्फारलेली बाहुली मात्र तशीच राहते.

बाहुली मोठी असलेला, नव्याने उद्भवलेला तिसऱ्या नसेचा लकवा दिसला की सीटी अँजिओग्राफी किंवा एमआर अँजिओग्राफी त्याच दिवशी व्हायला हवी. पुढच्या आठवड्याची तारीख देण्याचा हा आजार नव्हे. फुगा फुटला तर मेंदूभोवती रक्तस्राव होतो.

आणखी एक खूण, जी वर्गात शेवटच्या पाच मिनिटांत उरकली जाते. जुन्या लकव्यात रुग्ण खाली किंवा नाकाकडे पाहू लागला की पडलेली पापणी उलट वर जाते, किंवा डोळा नाकाकडे वळताच बाहुली आकसते. वाढणारे तंतू चुकीच्या स्नायूत शिरल्यामुळे हे घडते. मधुमेहाच्या लकव्यानंतर असे होत नाही. दुखापत किंवा दाब यांच्यानंतर होते. आधी लकवा झाल्याचा इतिहासच नसताना ही खूण सापडली, तर कॅव्हर्नस सायनसमध्ये (डोळ्यामागे, कवटीच्या तळाशी असलेल्या शिरांच्या पोकळीत) हळूहळू वाढणारा मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) किंवा ॲन्युरिझम शोधावा लागतो.

उत्तर: तिरळेपणा कक्ष

वरील उत्तराने तिसऱ्या नसेचा विषय पुरेसा मांडला आहे. मी ऑर्थोप्टिक्सच्या, म्हणजे तिरळेपणा व दुहेरी दृष्टीच्या तपासणीच्या, बाजूने चौथी आणि सहावी यांविषयी लिहिते.

तुम्हाला चौथ्या नसेचा लकवा ‘दिसत नाही’ यात नवल नाही, कारण तो बहुतेक वेळा हालचालींच्या तपासणीत दिसण्याइतका ठळक नसतोच. सुपीरियर ऑब्लिक हा स्नायू डोळा नाकाकडे वळलेला असताना त्याला खाली नेतो आणि शिवाय डोळ्याचा वरचा भाग नाकाच्या दिशेने फिरवतो. तो दुबळा झाला की डोळा किंचित वर राहतो आणि बाहेरच्या बाजूला कलंडतो. नुसत्या नजरेने हा फरक पकडण्याचा हट्ट सोडा आणि कव्हर टेस्ट करा: एकेक डोळा आळीपाळीने झाकत राहा आणि उघडा होणारा डोळा कोणत्या दिशेने सरकून स्थिर होतो ते पाहा. उघडा होताना वरून खाली येणारा डोळा हा वर चढलेला डोळा.

यानंतर पार्क्स यांनी १९५८ मध्ये मांडलेली तीन पायऱ्यांची चाचणी लावावी. समजा, सरळ पाहताना उजवा डोळा वर आहे. मग रुग्णाला डावीकडे आणि उजवीकडे पाहायला लावून प्रत्येक वेळी फरक मोजा. उजव्या सुपीरियर ऑब्लिकचा दोष असेल तर डावीकडे पाहताना फरक वाढतो, कारण त्या स्थितीत उजवा डोळा नाकाकडे वळलेला असतो आणि त्याला खाली नेण्याचे काम याच स्नायूचे असते. शेवटी डोके एकदा उजव्या आणि एकदा डाव्या खांद्याकडे झुकवा. उजवीकडे झुकवल्यावर फरक वाढला तर निदान उजव्या चौथ्या नसेकडे झुकते. या तिसऱ्या पायरीमागचे कारण एकदा समजले की ती पाठ करावी लागत नाही. डोके उजवीकडे झुकले की उजव्या डोळ्याला आतल्या बाजूला फिरावे लागते. हे काम सुपीरियर रेक्टस आणि सुपीरियर ऑब्लिक मिळून करतात. एरवी रेक्टसची वर ओढ आणि ऑब्लिकची खाली ओढ एकमेकींना खोडून काढतात. ऑब्लिक दुबळा असेल तर रेक्टसला अटकाव करणारे कोणी उरत नाही आणि डोळा आणखी वर चढतो. याच कारणाने रुग्ण नकळत डोके निरोगी बाजूकडे झुकवून बसतो.

येथे जुने फोटो मागवा, असा माझा आग्रह असतो. चौथ्या नसेचा दोष पुष्कळदा जन्मजात असतो, लहानपणापासून डोके एका बाजूला झुकलेले असते, आणि मेंदू तो फरक वर्षानुवर्षे सांभाळून घेतो. चाळिशी-पन्नाशीत ही क्षमता कमी पडली की ‘अचानक’ दुहेरी दिसू लागते. बालपणीच्या फोटोत तीच मान झुकलेली दिसली, आणि प्रिझमने मोजल्यावर डोळे उभ्या दिशेने नेहमीपेक्षा पुष्कळ मोठा फरक जुळवून घेतात असे आढळले, तर नव्या आजाराची धास्ती बरीच कमी होते.

जन्मजात नसेल तर डोक्याला झालेली दुखापत हे नेहमीचे कारण. ही नस अतिशय बारीक आहे, मेंदूच्या खोडाच्या मागच्या बाजूने निघणारी ती एकमेव कपालीय नस आहे आणि कवटीच्या आतील तिचा मार्गही सर्वांत लांब आहे. म्हणून बेशुद्धी न आणणाऱ्या मारानेही ती दुखावू शकते. दुखापतीनंतर दोन्ही बाजूंच्या नसा एकदम गेल्या असण्याची शक्यता कायम मनात ठेवा, कारण अशा वेळी दोन्ही डोळे एकमेकांचा फरक झाकतात. डावीकडे पाहताना उजवा डोळा वर आणि उजवीकडे पाहताना डावा वर, खाली पाहताना डोळे आत येणे, आणि दुहेरी मॅडॉक्स रॉडवर (दोन्ही डोळ्यांसमोर रेघांच्या काचा ठेवून कल मोजण्याच्या साधनावर) १० अंशांपेक्षा अधिक बाह्य कल, ही त्याची चिन्हे.

तीन पायऱ्यांच्या चाचणीत एक गृहीतक दडलेले आहे: दोष एकाच स्नायूत आहे आणि तो दुबळेपणाचाच आहे. स्क्यू डेव्हिएशन, म्हणजे मेंदूच्या खोडातील तोल सांभाळणाऱ्या मार्गांच्या बिघाडामुळे आलेला उभा फरक, या चाचणीला फसवू शकतो. फंडस (डोळ्याच्या आतील मागचा पडदा) पाहून फरक करता येतो: चौथ्या नसेत वर चढलेला डोळा बाहेर कललेला असतो, तर स्क्यूमध्ये वर चढलेला डोळा बहुधा आत कललेला असतो. शिवाय रुग्णाला बसवून आणि मग उताणे झोपवून उभा फरक मोजावा. झोपल्यावर तो निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाला तर स्क्यूची शंका बळावते.

सहावी नस तुलनेने सोपी. डोळा कानाकडे कमी जातो, सरळ पाहताना नाकाकडे ओढलेला राहतो, आणि रुग्ण दुबळ्या बाजूकडे चेहरा वळवून बसतो. डोळा किंचितच कमी जात असेल, तर लाल काच वापरा. ज्या दिशेला प्रतिमांमधील अंतर सर्वांत जास्त, त्या दिशेला सर्वांत बाहेरची प्रतिमा दुबळ्या डोळ्याची असते. कोणता डोळा झाकल्यावर ती बाहेरची प्रतिमा जाते, एवढे विचारले की बाजू कळते. रुग्णाने पुरेसे पाहिले नाही की स्नायूच दुबळा आहे, ही तुमची शंकाही येथे सुटते. एका लक्ष्याकडून दुसऱ्याकडे झटकन नजर न्यायला सांगा. दुबळा स्नायू डोळ्याला संथपणे नेतो, तर स्नायू कोठे अडकलेला असेल तर डोळा वेगाने निघून एकदम थांबतो.

लहान मुलांत नव्याने दिसलेला आत वळलेला डोळा ‘साधा तिरळेपणा’ म्हणून चष्म्यावर सोडण्याआधी तो कानाकडे पूर्ण जातो का, हे पाहिलेच पाहिजे. जात नसेल तर विषाणूजन्य आजारानंतर आपोआप बरा होणारा लकवा असू शकतो, तसेच पॉन्समधील (मेंदूच्या खोडाच्या मधल्या भागातील) गाठही असू शकते. ड्युएन सिंड्रोम या जन्मजात विकारातही डोळा कानाकडे जात नाही, पण तो नाकाकडे वळताना मागे खेचला जाऊन पापण्यांमधील फट अरुंद होते, आणि मूल दुहेरी दिसण्याची तक्रार करत नाही.

उत्तर: सामान्य फिजिशियन

नेत्ररोगाच्या मंडळींनी डोळा व्यवस्थित तपासला आहे, तेव्हा मी उरलेल्या माणसाविषयी लिहितो.

सहावी नस एकटी गेली म्हणजे दोष तिच्या मार्गातच असेल असे नाही. मेंदूतील दाब वाढला की ती एका किंवा दोन्ही बाजूंना दुबळी होऊ शकते, आणि मूळ आजार भलतीकडेच असतो. म्हणून सहाव्या नसेच्या प्रत्येक रुग्णाचा फंडस पाहावा आणि दृष्टिचेतेच्या चकतीला सूज आहे का हे ठरवावे. डोकेदुखी, वाकल्यावर क्षणभर अंधारी येणे, कानात नाडीच्या ठोक्याबरोबर आवाज येणे, हेही विचारावे. कानाचा जुना संसर्ग, चेहऱ्याच्या त्याच बाजूला खोल वेदना आणि सहावी नस असे त्रिकूट असेल तर संसर्ग कानाच्या आतल्या बाजूच्या पेट्रस हाडाच्या टोकापर्यंत गेला आहे असे समजावे. ग्रॅडेनिगो यांच्या नावाने ते ओळखले जाते.

एकापेक्षा अधिक नसा एकाच बाजूला गेल्या असतील, तर त्या जेथे एकत्र येतात त्या जागा शोधाव्या लागतात. कॅव्हर्नस सायनसमध्ये तिसरी, चौथी, सहावी आणि चेहऱ्याच्या संवेदनेच्या पाचव्या नसेच्या पहिल्या दोन शाखा शेजारी-शेजारी असतात. म्हणून कपाळावर आणि गालावर कापसाने स्पर्श करून पाहायला विसरू नका. मधुमेह आटोक्यात नसलेल्या रुग्णाला चेहऱ्यावर वेदना, नाकातून काळसर स्राव आणि डोळ्याच्या हालचाली बंद अशी लक्षणे असतील, तर ती म्युकरमायकोसिस या बुरशीच्या संसर्गाची तातडी आहे. तेथे तास मोजावे लागतात.

पन्नाशी ओलांडलेल्या रुग्णाला, दुहेरी दिसणे थोडा वेळ येऊन गेले असले तरी, चावताना जबडा दुखतो का, केस विंचरताना टाळू दुखते का, वजन घटले आहे का, हे विचारा. जायंट सेल आर्टेरायटिसची (धमन्यांच्या दाहाची) शंका असेल तर ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या ताबडतोब कराव्यात आणि बायोप्सीची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करावे, कारण या आजारात दृष्टी कायमची जाऊ शकते.

दीर्घकाळ मद्यपान करणारा, सतत उलट्या होणारा किंवा उपासमार झालेला रुग्ण डोळे बाजूला नेऊ शकत नसेल, चालताना झोकांड्या खात असेल किंवा गोंधळलेला असेल, तर थायमिन (जीवनसत्त्व बी१) शिरेतून आधी द्या, चर्चा नंतर करा. तिन्ही लक्षणे एकत्र सापडण्याची वाट पाहू नये. ती बहुतेकांत एकत्र नसतातच. योग्य उपचाराने डोळ्यांच्या हालचाली पुष्कळदा काही तासांत सुधारू लागतात.

आणि मायस्थेनिया, म्हणजे नसेकडून स्नायूला संदेश नीट न पोहोचण्याचा आजार. तो तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या, कोणत्याही नसेची नक्कल करू शकतो, फक्त बाहुलीची नाही. सकाळी बरे आणि संध्याकाळी वाईट, आज डावी पापणी आणि मागच्या आठवड्यात उजवी, असा इतिहास असेल तर रुग्णाला एक-दोन मिनिटे सतत वर पाहायला लावा आणि पापणी हळूहळू उतरते का पाहा. बंद पापणीवर २ मिनिटे बर्फ ठेवून ती २ मिलिमीटर किंवा अधिक वर आली तर निदानाला बळ मिळते. डोळे घट्ट मिटायला सांगून ते बोटांनी उघडून पाहा. मायस्थेनियात ते सहज उघडतात. केवळ डोळ्यांपुरत्या मायस्थेनियात रक्तातील प्रतिपिंडे सुमारे निम्म्या रुग्णांतच सापडतात, त्यामुळे चाचणी निगेटिव्ह आली म्हणून विषय मिटत नाही.

मधुमेह असलेल्या वयस्क रुग्णात सहावी नस एकटी गेली असेल, इतर कोणतीही खूण नसेल आणि वरील सर्व प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर रक्तदाब आणि साखर तपासून तीन महिने लक्ष ठेवणे मला पुरेसे वाटते. बाहुली वाचलेल्या पूर्ण तिसऱ्या नसेबाबतही मी हेच म्हणेन.

प्रश्नकर्ता: नेत्रनिरीक्षक

तिघांचेही आभार. दोन गोष्टी अजून विचारतो. फिजिशियन महोदयांच्या शेवटच्या परिच्छेदाशी न्यूरोनेत्र सहमत आहेत का? आणि तिसरी नस पूर्ण गेलेली असेल, तेव्हा डोळा नाकाकडे वळतच नाही. मग त्याच वेळी चौथीही गेली आहे की शाबूत आहे, हे कसे पाहायचे? कारण चौथीची चाचणी डोळा नाकाकडे वळलेला असतानाच होते, असे आम्हाला शिकवले आहे.

उत्तर: न्यूरोनेत्र

सहाव्या नसेबाबत सहमत आहे, मात्र एका अटीवर: रुग्णाला दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहायचे आणि त्या वेळी तिसरी, चौथी, पाचवी, सातवी आणि फंडस नव्याने तपासायचे. रक्तपुरवठ्यामुळे झालेला लकवा सुरुवातीचे काही दिवस वाढू शकतो, नंतर स्थिरावतो आणि सहसा तीन महिन्यांत ओसरतो. तीन महिन्यांनंतरही सुधारणा नसेल, वाढत असेल, दुसरी नस सामील झाली असेल किंवा रुग्णाला कर्करोगाचा इतिहास असेल, तर कॉन्ट्रास्टसह एमआरआय टाळता येत नाही. वयाने तरुण असलेल्या रुग्णात मी थांबतच नाही.

तिसऱ्या नसेबाबत सहमत नाही. ‘पूर्ण लकवा आणि पूर्ण वाचलेली बाहुली’ हे चित्र कागदावर स्पष्ट असते, पण पापणी पूर्ण पडली आहे की ९० टक्के, डोळा खाली अजिबात जात नाही की थोडा जातो, यावर दोन अनुभवी तपासनीसांचेही एकमत होत नाही. पूर्वी मेंदूच्या धमन्या पाहण्यासाठी कॅथेटर घालावा लागे आणि त्यात पक्षाघाताचा थोडा धोका असे, तेव्हा थांबण्यात शहाणपण होते. आता सीटी अँजिओग्राफी काही मिनिटांत होते आणि निष्णात माणसाने वाचली तर धोकादायक आकाराचे फुगे तीत क्वचितच सुटतात. त्यामुळे नव्या तिसऱ्या नसेच्या प्रत्येक रुग्णाची, बाहुली कशीही असो, ही तपासणी करावी असे माझे मत आहे. किडनीचा आजार किंवा कॉन्ट्रास्टची ॲलर्जी असेल तर एमआर अँजिओग्राफी. ही भूमिका सर्वांना मान्य आहे असे मी म्हणत नाही.

आता चौथीचा प्रश्न. सुपीरियर ऑब्लिकचे डोळा खाली नेण्याचे काम डोळा नाकाकडे असतानाच नीट दिसते, हे तुम्हाला बरोबर शिकवले आहे. पण तिसरी नस गेलेला डोळा कानाकडे वळून राहिलेला असतो, आणि त्या स्थितीत हा स्नायू खाली ओढण्याऐवजी मुख्यतः डोळा आत फिरवतो. म्हणून खाली नेण्याची नव्हे, फिरण्याची चाचणी घ्या. पापणी उचलून धरा, बुबुळाच्या कडेजवळची, पांढऱ्या भागावरची एखादी ठळक रक्तवाहिनी निवडा आणि रुग्णाला खाली व नाकाच्या दिशेने पाहण्याचा प्रयत्न करायला सांगा. चौथी शाबूत असेल तर डोळा खाली जाणार नाही, पण ती रक्तवाहिनी किंचित फिरताना दिसेल: बुबुळाचा वरचा काठ नाकाकडे सरकेल. स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून पाहण्याच्या यंत्रावर) हे अधिक स्पष्ट दिसते. काहीच फिरले नाही, तर चौथीही गेली आहे असे धरा आणि शोध नसेच्या एकट्या मार्गाऐवजी कॅव्हर्नस सायनस किंवा डोळ्याच्या खोबणीच्या टोकाकडे वळवा.